दोष आढळला नाही

मोटारसायकलवरून एखादं जोडपं लांबच्या प्रवासाला निघालेलं दिसलं, की मी त्यांचे चेहरे बघत नाही. मागच्या पेट्या बघतो. किती भरल्यात, कुठे बसवल्यात, मागच्या चाकाच्या किती मागे गेल्यात. आमची मंगल म्हणते, "अहो, चारचौघांत असं टक लावून बघू नका, मार खाल एखाद दिवशी." आता हिला काय सांगू! निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण भरलेल्या पेट्या दिसल्या की माझी नजर मागच्या चाकावर जाते ती जातेच.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मी सव्वीस वर्षं टेस्ट रायडर होतो. नवी मोटारसायकल बाजारात जायच्या आधी ती चालवायची, तिच्यात खोट काय आहे ते शोधायचं आणि छापील कागदावर शेरा लिहून सही करायची, एवढंच काम. नातेवाइकांना वाटायचं, काय नशीब आहे लेकाचं, रोज नवी गाडी आणि पेट्रोल कंपनीचं! लग्नकार्यात कोणी ना कोणी मला कोपऱ्यात गाठून विचारायचंच, "जाधव, कितीपर्यंत पळवली रे?" अहो, पळवणं कोणालाही येतं. आमचा धंदा घाबरण्याचा. गाडीनं जरा वेगळा आवाज केला की आपण घाबरायचं, का घाबरलो ते शोधायचं आणि लिहायचं. या बाबतीत मी स्वतःला फार हुशार समजत होतो. कंपनीतही सगळे तसंच समजत होते, आणि घोळ तिथेच झाला.

ज्या गाडीची ही गोष्ट आहे ती स्पोर्ट टूरिंग जातीची. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. शर्यतीच्या गाडीवर माणूस टाकीवर ओणवा होऊन बसतो. ती वळणात सुरीसारखी जाते, पण तासाभरात कंबरेचं भजं होतं. लांब पल्ल्याच्या गाडीवर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो, पण ती वळायला आळशी. स्पोर्ट टूरिंग गाडीला दोन्ही करायचं असतं. सकाळी घाटात नाचायचं आणि दुपारी चारशे किलोमीटर झाले तरी माणसाला हसत उतरवायचं, तेही मागे बायको आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या घेऊन. त्यामुळे या गाडीत प्रत्येक गोष्टीवर भांडण असतं. हँडल दोन बोटं वर घेतलं तर वारा छातीवर येतो, खाली घेतलं तर मनगटं दुखतात. स्प्रिंग कडक केली तर मागचा माणूस शिव्या देतो, मऊ केली तर गाडी वळणात डुलते. पुढची काच उंच केली तेव्हा एक डॉक्टर महिनाभर गाडी वापरून म्हणाले, कानाशी कुकर लावल्यासारखं वाटतं. काच कमी केली, तर मखमलाबादच्या एका फूलवाल्यानं तक्रार केली, की देवीला नेलेल्या हाराची मागे बसलेल्या आईच्या मांडीवरच पार वाट लागते. दोघांचंही बरोबर होतं! आमच्या शिंदे मॅडम, म्हणजे या गाडीचा सांगाडा ज्यांनी आखला त्या, असल्या तक्रारी वहीत उतरवून घ्यायच्या आणि हसायच्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मला जाधव काका म्हणायच्या. माझा शेरा आला की म्हणायच्या, "काका, तुम्ही लिहिलंत ना, मग मी पुढचं वाचत नाही."

हे वाक्य ऐकायला किती गोड लागायचं म्हणून सांगू!

भरलेल्या गाडीच्या चाचणीत पेट्यांमध्ये वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि मागच्या सीटवर साठ किलोचं वाळूचं गाठोडं पट्ट्यांनी आवळायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्या गाठोड्याला आम्ही 'पाहुणा' म्हणायचो. सकाळी विचारायचं, "पाहुणा बसला का?" बसला, की निघायचं. पाहुणा मोठा गुणी. हलत नाही, बोलत नाही, घाबरत नाही, चहा मागत नाही. सव्वीस वर्षांत माझ्यामागे जिवंत माणूस बसवून एकही चाचणी झाली नव्हती. नियमातच ते बसत नव्हतं आणि कोणाला गरजही वाटली नव्हती.

ही गाडी पाहुणा बसवून मी आधीच पास केली होती आणि ती दसऱ्याला बाजारात यायची होती. आपल्याकडे दसऱ्याला नवी गाडी दारात उभी राहिली पाहिजे, झेंडूची माळ घातली पाहिजे, चाकाखाली लिंबू ठेवलं पाहिजे. तिच्यासाठी लोकांनी नावं नोंदवून ठेवली होती. त्याआधी महिनाभर आम्ही चार गाड्या चार साध्या गिऱ्हाइकांना वापरायला दिल्या होत्या. त्यांतली एक कळवणच्या देवरेंकडे होती. देवरेंचं तिथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. पन्नाशीचा दणकट गडी, मोटारसायकलचं भयंकर वेड. त्यांच्या पत्नी अंगणवाडीत. दोघं मिळून तीस वर्षं दुचाकीवर फिरलेली.

दसऱ्याला दहा दिवस असताना देवरेंचा फोन आला.

"जाधवसाहेब, गाडी डोकं हालवते हो."

"म्हणजे काय करते?"

"शंभरच्या पुढं गेलं ना, पेट्या भरेल आसल्या, मंडळी मागं आसली, का मागून झुलाया लागती. मंग हँडल बी झुलतं. लय नाय, पन झुलतं. आमच्याकडं म्हनत्यात ना, गाडी उलाळ शे, तसं."

बैलगाडीत मागे वजन जास्त झालं की पुढचं जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही. त्याला उलाळ म्हणतात. मोटारसायकलीचंही तसंच आहे. मागच्या चाकाच्या मागे वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि हलकं चाक सरळ राहायला कुरकुरतं. देवरेंनी एका शब्दात निदान केलं होतं. मला काय वाटलं? मला वाटलं, हा ट्रॅक्टरवाला मला गाडी शिकवतोय.

शुक्रवारी मी कळवणला गेलो. देवरेंचीच गाडी घेतली, पेट्या त्यांनी भरल्या तशाच ठेवल्या. पाहुणा काही बरोबर नेला नव्हता, म्हणून देवरे वहिनी म्हणाल्या, "मीच बसते की. मी बसल्यावरच झुलते ना." म्हटलं, चला. कळवण ते देवळा रस्त्याला एक सरळ तुकडा आहे, तिथे तीन वेळा गाडी शंभरच्या वर नेली. काही नाही! गाडी रुळावरून चालल्यासारखी चालली. परत येऊन उतरलो तेव्हा मी मनातून खूश होतो, हे कबूल करतो. माझा शेरा खरा ठरला होता.

वहिनी उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भाऊ, गाडी झुलत होती."

"नाही हो वहिनी."

"होती. तुम्ही तिला झुलू देत नव्हता. तुमचे खांदे सारखे काही ना काही करत होते. आमचे हे असं करत नाहीत. हे आपले बसतात."

मी हसलो. खरंच हसलो हो, दात दाखवून! म्हणालो, "वहिनी, मागं बसल्यावर असे भास होतात." मग देवरेंना बाजूला घेऊन गुरुजींच्या थाटात सांगितलं, की तुम्ही घाबरून हँडल आवळून धरता, म्हणून ते हलतं. हात सैल सोडा. आणि त्यांच्यासमोर टाकीवर कागद ठेवून लिहिलं, 'भरलेल्या गाडीची चाचणी घेतली. दोष आढळला नाही. चालकाची सवय.' खाली झोकात सही केली.

देवरे खजील झाले. म्हणाले, "मंग रविवारी बडोद्याला न्यायला हरकत नाय ना? पोरीच्या बाळाचं बारसं हाय सोमवारी. समदं सामान, लाडवाचे डबे बी, यातच टाकतो."

"बिनधास्त न्या," मी म्हणालो. "पुढे मोठा हायवे लागला की पळवा मनसोक्त. त्याच्यासाठीच केलीय गाडी."

हे माझे शब्द.

शनिवारी संध्याकाळी मंगल माझ्या कामाच्या पँटी घेऊन दुरुस्तीला बसली होती. एकदम वैतागून म्हणाली, "तुमच्या पँटी सगळ्या गुडघ्याला आतल्या बाजूनं कशा फाटतात हो? पुढून नाही, मागून नाही, आतूनच. सव्वीस वर्षं ठिगळं लावतेय. गाडी चालवता की दाबून धरता?"

मी चहा पीत होतो. तो कप खाली ठेवला.

सगळ्या पँटी घेतल्या आणि एकेक बघितली. प्रत्येकीचं कापड गुडघ्याच्या आतल्या बाजूला, टाकीला लागतं तिथे विरलेलं. माझ्या डोळ्यांपुढे कंपनीतल्या माझ्या गाडीची टाकी आली. तिच्या दोन्ही बाजूंचा रंग पुसट झाला होता. आम्ही थट्टेनं म्हणायचो, जाधवनं घासली. बाकीच्या गाड्यांच्या टाक्या तशा नव्हत्या. देवरे वहिनींचे शब्द आठवले आणि माझ्या हातातली पँट तशीच राहिली. गाडी मी गुडघ्यांत धरत होतो. ती झुलायच्या बेतात आली की माझ्या गुडघ्यांना, कोपरांना आधी कळत होतं आणि ते तिला गप्प करत होते. मला न विचारता! मला पत्ताच लागत नव्हता. शिकाऊ टेस्ट रायडरला ती झुललेली कळली असती. साध्या माणसाला कळलीच होती. कळली नव्हती ती फक्त मला.

लगेच देवरेंना फोन करायला हवा होता. केला नाही. का? कारण मला खात्री नव्हती. आणि खरं सांगायचं तर, खात्री झाल्याशिवाय कमीपणा घ्यायची माझी तयारी नव्हती. मनाला सांगितलं, सकाळी बघू. सकाळी आधी स्वतः बघू.

रविवारी उजाडता उजाडता कंपनीतून आमची गाडी काढली, पेट्यांत वाळू घातली, पाहुणा बांधला आणि दिंडोरीच्या पुढे आमच्या नेहमीच्या सरळ रस्त्यावर गेलो. रस्ता रिकामा होता. नव्वदपर्यंत गेलो. मग स्वतःला बजावलं, जाधव, आता तू देवरे आहेस. गुडघे टाकीपासून दूर. कोपरं ढिली. खांदे सोड. हे सांगायला सोपं आहे, पण शरीर ऐकत नव्हतं हो! एक गुडघा सोडला की दुसरा दाबायचा. शेवटी मोठ्यानं ओरडून स्वतःला शिव्या घातल्या आणि दोन्ही सोडले.

शंभर झाले. एकशे पाच झाले. मागून कोणीतरी शेपूट धरून हलवावी तसं वाटलं. डावीकडे, उजवीकडे. आधी बोटभर, मग वीतभर. मग हँडल माझ्या हातांत आपलं आपण हलायला लागलं. वेग कमी करावा तर झुलणं आणखी वाढलं. माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. मग गुडघे मिटले, त्यांचे तेच मिटले, आणि दोन क्षणांत गाडी शहाण्यासारखी सरळ चालू लागली. काही घडलंच नाही असं! हा चमत्कार मी सव्वीस वर्षं करत आलो होतो.

आणखी एकदा करून बघितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा करायची छाती झाली नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि देवरेंना फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पाच वेळा लावला. ते सहाला निघणार होते. फोन नक्की पेटीत, लाडवांच्या डब्याशेजारी वाजत असणार.

माझ्या डोक्यात आता नकाशा सुरू झाला. कळवणहून ते बोरगावला येणार, पुढे सापुतारा. तिथवर भीती नाही, कारण घाटात कोणी शंभरनं जात नाही. सापुतारा उतरले की वघईपर्यंत जंगलातली वळणं, तिथेही ठीक. वघई सुटलं की रस्ता मोकळा होत जातो, आणि पुढे तो मोठा हायवे, जिथे मी त्यांना मनसोक्त पळवा म्हणालो होतो. वघईच्या आत गाठायला हवं होतं.

एका ढाब्यावाल्याच्या अंगणात पाहुणा सोडला, वाळूच्या पिशव्या टाकल्या. तो बिचारा विचारतोय, "ओ, हे काय? कोनाचं हाय?" मी काही न बोलता निघालो. वणी कधी गेलं, बोरगाव कधी गेलं, आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी मोठमोठ्यानं बोलत होतो. देवरे, हळू चला. अहो देवरे, बाई आहे मागे. नातवंडाचं बारसं आहे. हेल्मेटच्या आत माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि काच वाफेनं भरत होती.

सापुताऱ्याला नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, "लाल मोठी मोटारसायकल, दोन्ही बाजूंना पेट्या, नवरा-बायको?"

"गेले ना. अर्धा तास झाला आसंल. बाई लय बोलत व्हती, गडी गपचिप ऐकत व्हता."

अर्धा तास! मी घाटाला लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांना घाट कसा उतरावा हे शिकवलेला माणूस मी. त्या दिवशी एका वळणात इतका चुकलो, की समोरच्या बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून माझा उद्धार केला. बरोबरच होतं त्याचं.

वघईच्या अलीकडे रस्त्यावर गर्दी दिसली. वीस-पंचवीस माणसं गोल करून खाली बघत उभी. गाडी स्टँडवर लावायचीही शुद्ध नव्हती, तशीच झाडाला टेकवली. गर्दीत शिरताना मला पुढचं सगळं दिसत होतं, वहिनींची शुक्रवारची हिरवी साडी, लाडू रस्त्यावर पसरलेले. माणसं बाजूला सारून बघितलं तर खाली एक टेम्पो कलंडलेला, आणि काकड्या. नुसत्या काकड्या! ड्रायव्हर एका बाजूला उकिडवा बसून बिडी ओढत होता. मी तिथल्या तिथे मटकन बसलो. एकानं विचारलं, "काय काका, तुमच्या काकड्या?"

वघई ओलांडलं, तरी देवरे दिसेनात. आता सरळ रस्ता सुरू झाला होता. दोन्ही बाजूंचे खड्डे, ओढे, झाडांचे बुंधे, सगळीकडे बघत चाललो होतो. मग लांब एका झाडाखाली लाल रंग दिसला. गाडी उभी होती, स्टँडवर, सरळ. पण जवळ माणूस नाही. शंभर पावलांचं ते अंतर मी कसं काढलं ते मला माहीत.

झाडामागे बांधावर दोघं बसली होती. फडकं उलगडून बाजरीची भाकरी आणि ठेचा खात होती.

"आरे, जाधवसाहेब!" देवरे तोंडातला घास तसाच ठेवून उठले. "तुम्ही हितं? काय व्हयनं?"

मी हेल्मेट काढलं आणि ते छातीशी धरून उभा राहिलो. म्हणालो, "गाडी झुलते, देवरे. तुमचं खरं होतं. चूक माझी. मी चुकीचं लिहून दिलं. शंभरच्या पुढे नेऊ नका, पाया पडतो तुमच्या."

देवरेंचा चेहरा बदलला. आधी कळेना, मग कळलं, मग राग आला. "आवो, काय सांगता? तुम्हीच म्हनाले ना, हात सैल सोडा? मनसोक्त पळवा? मी पळवनारच व्हतो साहेब! हिच्या मारी... हिनं पळवू दिली नाय म्हनून!"

वहिनींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही. "मी निघतानाच यांना सांगितलं, साठाच्या वर गेलात तर मी उतरून एस.टी.नं जाईन. सापुताऱ्याला पुन्हा सांगितलं. भाऊ, राग मानू नका. तुमचा कागद मी वाचला होता. पण मी मागं बसले होते ना! मला जे कळलं ते मला कळलं. मग कागदावर कसा इस्वास ठेवू?"

मी बांधावर बसलो आणि रडलो. साठीला आलेला माणूस, कंपनीचा शिक्का छातीवर, हुंदके देऊन रडलो. लाज वाटली नाही. माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. देवरे माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन म्हणाले, "घ्या. आन् भाकर खा. आसं उपाशीपोटी कोनी रडत नाय."

त्यांच्या पेट्यांतलं सामान काढून मी माझ्या गाडीवर घेतलं. डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी, टोपडी, एक जाडजूड गोधडी आणि तांब्याचं घंगाळ, अहो, घंगाळ! मोकळ्या पेट्या घेऊन ती दोघं पुढे आणि मी मागे, पन्नास-साठच्या वेगानं बडोद्यापर्यंत गेलो. अख्खा रस्ता त्यांच्या मागच्या चाकावरून डोळा काढला नाही. दुसऱ्या दिवशी बारशाला मी जेवलो. पाळण्यातल्या बाळाचं नाव काय ठेवलं ते मला ऐकूच आलं नाही, कारण तेव्हा मी बाहेर अंगणात शिंदे मॅडमना फोनवर सांगत होतो.

सगळं सांगितलं. पँटी, गुडघे, काकड्या, सगळं. म्हणालो, "माझा शेरा मी मागे घेतो. दसऱ्याला गाडी देऊ नका."

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी हळू आवाजात विचारलं, "काका, या एका गाडीचाच शेरा ना?"

मी म्हणालो, "परत आल्यावर माझे जुने कागद काढू." त्यांना उत्तर मिळालं.

दसरा तसाच गेला. लोकांनी शिव्या घातल्या. एकानं तर झेंडूच्या माळा आणून आमच्या गेटवर टाकल्या. मॅडमनी पेट्यांची बैठक चार बोटं पुढे घेतली, तिच्यात रबर घातलं, मागची स्प्रिंग बदलली, आणि पाहुणा कायमचा बंद केला. आता चाचणीच्या वेळी मागे माणूस बसतो, पुढेही एकदा तरी साधा चालक बसतो, आणि कागदावर मागच्या माणसाच्या शेऱ्याला वेगळी जागा आहे. पहिल्या चाचणीला कळवणहून देवरे नवरा-बायको आले होते. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून नखं खात होतो. उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "आता नाही झुलत." संक्रांतीच्या सुमारास गाड्या गेल्या. लोक म्हणतात, चांगली गाडी आहे. आहेच. ती कोणामुळे चांगली झाली ते त्यांना माहीत नाही.

पण मॅडमनी विचारलेला प्रश्न राहिलाच होता. मी आणि त्यांनी माझे जुने कागद काढले. पेट्यावाल्या आधीच्या दोन गाड्यांवरही माझेच शेरे होते, आणि त्यांना टाचलेली गिऱ्हाइकांची पत्रं. कोणी लिहिलं होतं, गाडी मागून सरकल्यासारखी वाटते. कोणी लिहिलं होतं, पत्नी बसायला घाबरते. प्रत्येकाखाली माझं अक्षर, 'चालकाची सवय'. मॅडम म्हणाल्या, यांना फोन करायला हवेत. मी म्हणालो, मी करतो.

एकेकाला लावले. कोणी गाडी विकून टाकली होती. कोणी झापलं. एकजण हसून म्हणाला, मी तेव्हाच म्हणत होतो. मी सगळ्यांची माफी मागितली, पेट्या भरून वेगात जाऊ नका म्हणून सांगितलं आणि यादीत खूण केली.

एका नंबरवर बाईंनी उचलला. मी कंपनीचं नाव सांगितलं आणि त्यांच्या यजमानांना विचारलं. त्यांनी पलीकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "ते आता गाडी चालवत नाहीत," आणि फोन ठेवला.

का चालवत नाहीत, ते मी विचारायला हवं होतं. वय झालं म्हणून असेल. मुलानं चारचाकी घेतली म्हणून असेल. मॅडमनी विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं, उचलला नाही. तेवढं एक खोटं बोललो. तो नंबर माझ्याकडे आहे, चार वर्षांत कितीदा तरी काढून बघितला आहे. अजून लावलेला नाही.